एकतिसावं पान

सांगली, ३ मार्च २०२४

चि. अमेय,

आशीर्वाद असतातच, ते दर पत्रात मोजून देत नाही. मुद्द्याचं बोलते. परवा फोनवर तू जे काही म्हणालास त्यातलं मला 'नाटक' आणि 'मे महिना' एवढंच ऐकू आलं. कानातलं यंत्र नवीन आहे आणि ते माझ्यापेक्षा शेजारच्यांच्या कुकरशी जास्त इमान राखून आहे. तेव्हा यापुढे ई-मेलनेच लिही. टॅबवर मराठी टाइप करायला मी शिकले आहे. बोट चुकलं तर आत्याचं वय चौऱ्याहत्तर आहे हे लक्षात घे.

मग तुझ्या बायकोचा, सुमेधाचा मेसेज आला, तेव्हा कळलं की तुमच्या नाट्यकट्ट्याला 'आजची नोंद' करायचं आहे. आधी वाटलं, नावात गल्लत झाली असेल. ते नाटक मी ब्याण्णव साली लिहिलं. स्पर्धेत त्याला तिसरं बक्षीस मिळालं, नाटकं तीनच होती. त्यानंतर त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. तुझ्या बाबांनी, म्हणजे आमच्या दिलीपने, एक प्रत जपून ठेवली होती हे मला आज कळतंय.

तुमच्या मंडळींसाठी थोडक्यात सांगते. एका शहरात रोज संध्याकाळी सातला घंटा होते. घंटा झाली की घरातल्या प्रत्येकाने आज मनात काय काय आलं ते सरकारी वहीत लिहायचं. महिन्याला वह्या कचेरीत जमा. तिथे एक कारकून बाई आहे, वह्या घेऊन पावती देणारी. हळूहळू शहर असं होतं की माणसं आधी वहीत काय लिहायचं ते ठरवतात आणि मग तेवढंच मनात आणतात. निवृत्तीच्या दिवशी ही बाई गोदामाची किल्ली मिळवते आणि आत जाते. चाळीस वर्षांच्या वह्या रचून ठेवलेल्या आहेत, पण एकाही गठ्ठ्याची दोरी सुटलेली नाही. कोणी कधी काही वाचलेलंच नाही.

पान एकतीस आणि बत्तीसवर तिचं स्वगत आहे. नाटक म्हणजे ते स्वगत, आधीची तीस पानं हा तिथवर जायचा रस्ता. तेव्हा परवानगी आनंदाने देते, अट एकच. त्या दोन पानांतला स्वल्पविरामसुद्धा हलवायचा नाही. लोक खोकतील, खोकू देत.

साधनाआत्या


पासिर रिस, सिंगापूर, २४ मार्च २०२४

ती. आत्या, नमस्कार.

अट मान्य, हे लेखी समज.

तालमी सुरू झाल्या आहेत. दर रविवारी आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतीच्या तळाशी जी मोकळी जागा असते तिथे जमतो. बाजूला चिनी आजोबा बुद्धिबळाचा पट मांडून बसलेले असतात. त्यातल्या एकाने मागच्या रविवारी मला विचारलं की ही बाई एवढी का चिडली आहे. मी म्हटलं, ती सरकारी नोकर आहे. त्यांनी समजल्यासारखी मान हलवली.

ती बाई म्हणजे निशिगंधा. नाशिकची आहे, इथे विद्यापीठात खारफुटीवर पोस्टडॉक करते. दिग्दर्शनही तीच करते आहे. स्वगत तिने चार दिवसांत पाठ केलं आणि म्हणून दाखवलं तेव्हा आमच्यातला कोणीही खोकला नाही, हे तुला मुद्दाम कळवतो.

इथे जाहीर प्रयोगाला परवाना लागतो, तुमच्याकडे संहितेवर सेन्सॉरचा शिक्का लागतो तसाच. मूळ संहिता आणि इंग्रजी भाषांतर पाठवायचं असतं. अर्जदार मी आहे आणि भाषांतरही मीच करतो आहे, हार्बरफ्रंटच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत. रोज तीन पानं होतात. अवनी माझं इंग्रजी तपासते. बारा वर्षांची आहे, पण 'बाबा, नोबडी टॉक्स लाइक धिस लाह' असं इथल्या बोलीत म्हणून निम्मी वाक्यं बदलायला लावते.

बाकी सगळं ठीक. पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याचा अर्ज टाकून सात महिने झाले. उत्तर नाही. माझा इथे काम करायचा पास पुढच्या वर्षी संपतो, म्हणून सुमेधा रोज सकाळी एकदा साइट उघडून बघते आणि चहा टाकते.

अमेय


पासिर रिस, २८ एप्रिल २०२४

ती. आत्या, नमस्कार.

वाईट बातमी आधी सांगतो. परवाना मिळाला, पण पान एकतीस आणि बत्तीस वगळून. इथे असल्या गोष्टींची कारणं देत बसत नाहीत. मी माझ्या परीने प्रयत्न केला, पण वरून आलेलं असलं की त्यापुढे आपलं काही चालत नाही. प्रयोग आता बाई गोदामाचं दार उघडते तिथे संपेल. निशिगंधाने शेवट प्रकाशावर बसवला आहे आणि तो खरंच परिणामकारक झाला आहे.

तुला दिलेला शब्द पाळता आला नाही. फार चिडू नकोस.

अमेय


सांगली, २ मे २०२४

चि. अमेय,

चिडले नाही. काय झालं ते खरं सांगते, हसू नकोस.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा गॅस बंद केला, कारण भात लागत होता. मग बसले आणि पुन्हा वाचलं. वाईट वाटायला हवं होतं, ते वाटलंही, पण त्याच्या खालून दुसरंच काहीतरी वर आलं. अमेय, बत्तीस वर्षांत माझं नाटक पहिल्यांदा कोणीतरी नीट वाचलं.

आमच्याकडे त्या नाटकाला शिक्का नऊ दिवसांत मिळाला होता. संहिता परत आली तेव्हा मी बांधलेली दोऱ्याची गाठ तशीच होती. स्पर्धेच्या परीक्षकांनी मला विचारलं की तुमचं नाटक विनोदी आहे ना. आणि तिकडे, ज्याला मराठीचा म सुद्धा येत नाही, असा कोणी अधिकारी दोन पानांपाशी थांबला आणि त्याला वाटलं की हे बोललं गेलं तर काहीतरी होईल. कोणाला तरी माझी भीती वाटली. या वयात असं काही वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं.

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, असं म्हणशील. म्हण. मी आमच्या वाचक मंडळात सांगून आले. एरवी माझं बोलणं सुरू झालं की चष्मे पुसायला घेणारी मंडळी पहिल्यांदाच गप्प बसून ऐकत होती. विश्वास म्हणून आमचे कार्यवाह आहेत, त्यांचे मेहुणे इथल्या पेपरात आहेत. ते सोमवारी घरी येणार आहेत.

तू स्वतःला दोष देऊ नकोस. तू लढलास, हे मला पुरे आहे.

साधनाआत्या


पासिर रिस, २० मे २०२४

ती. आत्या, नमस्कार.

प्रयोग शनिवारी झाला. एकशेदहा लोक होते. निशिगंधाने दार उघडलं, प्रकाश आला आणि ती काही न बोलता प्रेक्षकांकडे बघत उभी राहिली. लोकांना वाटलं मध्यंतर झालं. अर्धे उठून बटाटेवड्यांकडे गेले आणि मग टाळ्या ऐकून हातात वडा घेऊन परत आले. तरी नंतर पुष्कळांनी छान म्हटलं.

एक विनंती आहे. पेपरवाल्यांना फार काही सांगू नकोस. गोष्ट तशी लहान आहे. कुठेही असे नियम असतात, आणि इथली माणसं आपल्याशी चांगलीच वागतात. लिहायचंच असेल तर माझं नाव येऊ देऊ नकोस.

अमेय


सांगली, ९ जून २०२४

चि. अमेय,

कात्रणाचा फोटो जोडला आहे. मथळा त्यांचा, माझा नव्हे. 'सांगलीच्या लेखिकेच्या लेखणीला सिंगापुरात कात्री' हे वाचून मलाच कानकोंडं झालं, पण भाजीवालीने कोथिंबीर फुकट दिली. तुझं नाव कुठेही नाही, 'तेथील एका नातेवाइकाने सांगितले' एवढंच आहे.

आता खरी बातमी. वाचक मंडळ यंदा निर्भय लेखनाचा पुरस्कार मला देणार आहे. चार ऑगस्टला, रविवारी. शाल, श्रीफळ आणि मानपत्र. शिवाय ते नाटक पुस्तकरूपाने काढत आहेत, त्याचं प्रकाशन नंतर दसऱ्याला. शेवटची दोन पानं चौकटीत छापायची आणि वर लिहायचं, 'सिंगापूरच्या अधिकाऱ्यांनी वगळलेला भाग'. माझं पहिलं पुस्तक. शाळेत तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या धड्यांवर प्रश्न काढले, आता कोणी माझ्यावर काढेल.

तुझ्याकडून एकच हवंय. त्या कचेरीचं पत्र पाठव, ज्यात ही पानं गाळायला सांगितली आहेत. विश्वासरावांना त्याचा फोटो पुस्तकात घालायचा आहे. तुझं नाव आणि पत्ता आम्ही झाकू.

साधनाआत्या


पासिर रिस, २३ जून २०२४

ती. आत्या, नमस्कार.

पुरस्काराबद्दल मनापासून अभिनंदन. सुमेधा आणि अवनीही खूश आहेत. अवनीची मधली सुट्टी संपते आहे, आम्ही चार दिवस बिंतानला जाऊन आलो, समुद्र छान होता. ऑफिसात नवी प्रणाली बसवतो आहोत, त्यामुळे तुआसच्या बंदरावर आठवड्यातून दोनदा जावं लागतं आणि यायला उशीर होतो. इथे सध्या धुरकट हवा नाही हे नशीब. तुझ्या गुडघ्याचं काय? तेल लावतेस का?

पत्राबद्दल म्हणशील तर अशी कागदपत्रं बाहेर देता येतात का ते बघावं लागेल. बहुतेक नाहीच. शिवाय बरंचसं बोलणं तोंडीच झालं होतं. फोटोशिवायही पुस्तक चांगलंच होईल.

अमेय


सांगली, ३० जून २०२४

चि. अमेय,

तुझ्या पत्रात समुद्र आहे, बंदर आहे, माझा गुडघा आहे. मी जे विचारलं त्याचं उत्तर मात्र नाही. तू घाबरला आहेस.

मी गेला आठवडा यावर विचार करते आहे. तुझा तो कायमचा अर्ज अडकलेला आहे. माझ्या नाटकामुळे तिथे तुला कोणी बोलावलं का? दम दिला का? आणि तू मला कळू नये म्हणून समुद्राबद्दल लिहितो आहेस का? मी म्हातारी इथे कोथिंबीर फुकट घेत हिंडते आहे आणि तिकडे तुझ्या घरावर संकट आणलंय असं मला वाटू लागलं आहे.

तसं असेल तर एक ओळ लिही, बाकी काही नको. मी पुरस्कार नाकारते, पुस्तकही थांबवते. विश्वासरावांना सांगेन, प्रकृती बरी नाही. दिलीपच्या मुलाच्या बदल्यात मला शाल नको आहे.

साधनाआत्या


पासिर रिस, ६ जुलै २०२४

ती. आत्या,

मला कोणी बोलावलं नाही. कोणी दम दिला नाही. पानं कोणी कापली नाहीत. मी कापली.

तुझं पत्र वाचल्यावर हे लिहायला सहा दिवस लागले. तू माझ्यासाठी पुरस्कार सोडायला निघालीस, ते सहन होईना. नाहीतर मी हे असंच रेटत नेलं असतं, हेही तुला कळायला हवं.

झालं ते असं. तीस पानांचं भाषांतर ठीक झालं. एकतिसाव्या पानाचं पहिलं वाक्य आलं, 'साहेब, तुम्ही कधीच काही वाचलं नाहीत.' ते मी इंग्रजीत लिहिलं आणि वाचून पाहिलं. समोर खिडकीतून क्रूझची जहाजं दिसत होती, डब्यातली पोळी अर्धी राहिली होती. अर्जावर माझं नाव, पासचा नंबर, पत्ता. मला एक टेबल दिसलं, त्यावर हे वाक्य. मग दुसरं टेबल दिसलं, त्यावर माझा पीआरचा अर्ज. आणि मग ती दोन टेबलं एकमेकांशी बोलताना दिसली. यातलं काहीही मी पाहिलेलं नाही. असं होतं असं मला कोणी सांगितलेलंही नाही. साप साप म्हणून भुई धोपटावी तसं मी ते वाक्य खोडलं, मग पुढचं, मग दोन्ही पानं. मूळ मराठीतूनही काढली.

अर्जात पानांची संख्या बत्तीसच राहिली होती. दोन दिवसांनी त्या कचेरीतून एका बाईंचं मेल आलं. फार सभ्य मेल होतं. अर्जात बत्तीस पानं म्हटलं आहे, आली तीसच, दोन पानं चुकून राहिली का, राहिली असतील तर पाठवा, त्यासाठी वेगळा अर्ज नको. एवढंच. मी ते चार वेळा वाचलं. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, हा सापळा आहे. मी उत्तर दिलं की ती पानं आम्हीच गाळली आहेत, सादर करणार नाही. आठव्या दिवशी परवाना आला. त्यावर एकही अट नाही. तू मागितलेलं पत्र मी देऊ शकत नाही, कारण ते नाही. जे आहे ते पानं मागणारं आहे.

म्हणजे ज्यांच्या नावाने मी हे खपवलं त्यांनी तुझी पानं मागितली होती. तो आळही मी त्यांच्यावर घेतला.

अजून आहे. तालमीत मी सांगितलं की वरून आलंय. निशिगंधा गप्प बसणारी नाही. म्हणाली, आपण फेरविचाराचा अर्ज करू, मी लिहिते, माझ्या नावाने करते. तिने अर्ज केला असता तर माझं खोटं दुसऱ्या दिवशी उघडं पडलं असतं. मी तिला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तुझाही पास आहे, तुझं करिअर आहे, जपून." ती हो म्हणाली. माझी स्वतःची भीती मी तिला दिली, तीही थोरल्या भावासारखा चेहरा करून. मला यातल्या कशाचीही एवढी लाज वाटत नाही जेवढी त्या 'जपून'ची वाटते.

अवनीनेही विचारलं होतं. संहिता तपासताना म्हणाली, "बाबा, व्हाय यू स्किप धिस पार्ट? दे सेड कॅनॉट, इज इट?" मी हो म्हटलं. तिने मान डोलावली आणि पुढच्या पानावर गेली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तुझं ते दोन मेचं पत्र माझ्या फोनवर आहे. कोणीतरी नीट वाचलं म्हणून तुला झालेला आनंद. तो वाचून मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि परत येऊन काम केलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. तू लढलास असं तू लिहिलं होतंस आणि मला ते वाक्य आवडलं होतं, आत्या. खोटं असूनही आवडलं होतं.

चार तारखेला अजून चार आठवडे आहेत. तू म्हणशील ते मी करेन. विश्वासरावांना मी लिहू का? तू सांग.

अमेय


पासिर रिस, २२ जुलै २०२४

ती. आत्या,

माझं सहा तारखेचं पत्र मिळालं का? फोन केला तर तू ऐकू येत नाही म्हणून ठेवलास. मी विश्वासरावांना काहीही कळवलेलं नाही, तुझ्या उत्तराची वाट बघतो आहे.

अमेय


सांगली, ८ ऑगस्ट २०२४

चि. अमेय,

तुझं पत्र मला सहा जुलैलाच मिळालं. फोनही मला नीट ऐकू आला होता. यंत्र आता बरं चालतं.

पहिले दोन दिवस मी तुला मनात असं काही बोलले की ते इथे लिहिणार नाही. मग विश्वासराव निमंत्रणपत्रिका घेऊन आले. जाड कागद, माझं नाव उठावदार अक्षरात. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं आणि विचारलं, चहा घेणार का. तिसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्या त्या पत्राच्या फोटोची आठवण करून दिली. मी म्हटलं, तिकडे असली पत्रं बाहेर देता येत नाहीत. तुझंच वाक्य. त्यांनी गंभीर चेहरा केला आणि म्हणाले, कल्पना आहे. कोणालाच कल्पना नव्हती, अमेय, पण कोणी काही विचारलंही नाही.

सत्कार झाला. हॉल भरला होता. माझे जुने विद्यार्थी आले होते, काहींचे केस माझ्यापेक्षा पांढरे झालेत. मी वीस मिनिटं बोलले. सत्तेला शब्दांची भीती वाटते, असं म्हणाले. तुझं पत्र घरी टॅबमध्ये होतं आणि मी माइकवर असं म्हणाले. टाळ्या झाल्या. शाल घालताना मला रडू आलं आणि लोकांना ते भरून आलेलं वाटलं.

तू भ्यालास, घर होतं, पोरगी होती, अर्ज होता. मला कोणाची भीती होती? माझा कोणता पास संपत होता? मला फक्त शाल हवी होती. बत्तीस वर्षं ती हवी होती हे मला माहीत नव्हतं. तू चार आठवडे आधी सांगितलंस आणि मी तेच पत्र चार आठवडे दाबून ठेवलं. तेव्हा तुला क्षमा करायचा अधिकार माझ्याकडे उरलेला नाही. रागवायचाही नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं, कारण तुझ्यावर रागवायला मला आवडलं असतं.

पुस्तकाची मुद्रितं काल आली. चौकटीच्या वरची ओळ मी लाल पेनने खोडली आणि तिथे लिहिलं, 'सिंगापुरातील प्रयोगात हा भाग कोणत्याही अधिकाऱ्याने वगळला नव्हता. तो माझ्या भाच्याने भीतीपोटी वगळला, आणि हे ठाऊक असूनही मी निर्भय लेखनाचा पुरस्कार घेतला.' आज संध्याकाळी विश्वासरावांकडे शाल आणि मानपत्र परत घेऊन जाते आहे. पेपरवाले मेहुणे तिथेच राहतात, त्यांनाही सांगेन. नारळ फोडून झाला आहे, त्याचं काही करता येत नाही.

एकच विचारायचं आहे. 'भाच्याने' एवढंच छापू की तुझं नाव घालू? माझं नाव मुखपृष्ठावरच आहे, मला लपायला जागा नाही. तुझं तू ठरव. सोळा तारखेला मुद्रितं छापखान्यात जातात. पूर्वी मी तुला न विचारता लढवय्या करून टाकलं होतं, आता विचारते आहे.

साधनाआत्या


पासिर रिस, १३ ऑगस्ट २०२४

ती. आत्या,

पत्र मिळालं त्या संध्याकाळी मी सुमेधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला अंदाज होता. मग जरा वेळाने म्हणाली की तिने विचारलं नाही कारण उत्तर नको होतं. शनिवारी निशिगंधाला विद्यापीठाजवळ भेटलो आणि कचेरीतल्या त्या बाईंचं मेल दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं, फोन परत दिला आणि कॉफी तशीच टाकून गेली. घरी पोचेपर्यंत ती नाट्यकट्ट्याच्या ग्रुपमधून बाहेर पडली होती. कोणाला कारण सांगितलेलं नाही. सगळे मला विचारत आहेत. मी आज रात्री ग्रुपवर लिहिणार आहे. हे मी तुला आधी सांगतो आहे, म्हणजे मला मागे फिरता येऊ नये.

अवनीला काल सांगितलं. इथल्या राष्ट्रीय दिनाची शाळेला सुट्टी होती, ब्लॉकच्या सगळ्या गॅलऱ्यांना झेंडे लावलेले आहेत, ती खिडकीपाशी बसली होती. मी म्हटलं की ती पानं गाळायला कोणी सांगितलं नव्हतं, मीच गाळली. ती म्हणाली, "सो आय ऑल्सो डोन्ट नो व्हेन यू आर टेलिंग मी द ट्रूथ." तिने रागावून म्हटलं नव्हतं. गणित चुकलं की सांगते तसं सांगितलं.

आता तुझा प्रश्न. 'नाव घाल' असं मी लिहिलं. ते शोभून दिसत होतं. अर्धा तास ते पडद्यावर होतं. मग मी साइट उघडून बघितली, अर्ज अजून तिथेच आहे, 'विचाराधीन'. सांगलीत छापलेलं मराठी पुस्तक इथे कोण वाचणार, हे मला कळतं. त्यात इथल्या कोणाविरुद्ध काही नाही, उलट त्यांची बाजू स्वच्छ होते, हेही कळतं. निशिगंधाला कळतं, बारा वर्षांच्या पोरीला कळतं. तरीही मी ते वाक्य खोडलं. पुन्हा लिहिलं. पुन्हा खोडलं.

आत्या, नाव घालू नकोस. 'भाच्याने' एवढंच ठेव. तू शाल परत करून आलीस आणि मी हे लिहितो आहे, मला लाज वाटते. इतकी वाटते की पत्र पाठवावं की नाही असं झालं. पण या वेळी मला कोणी नको म्हणालं असं मी सांगणार नाही. कोणी काही म्हणालेलं नाही. मीच म्हणतो आहे.

अमेय